बंद पुड्याचं गिऱ्हाईक

चूक माझी होती आणि ती मी सात वर्षं केली. समुद्रपूरला एसटी स्टँडमागे एका माणसानं किराणा दुकान टाकलं, तेव्हापासून मी तिथून फक्त साबण, काडेपेटी नाहीतर बिस्किटाचा पुडा घेत असे. तो बौद्ध होता. त्याच्या हातचं सुटं पीठ, तेल, गूळ आईला घरात चालणार नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

गिऱ्हाइकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवल्याशिवाय तो तागडी उचलत नसे. "पह्यले चाखा, मंग न्या." मी दिसलो की मात्र हातातला खडा डब्यात परत जाई. "साबणच ना, गुरुजी?" वडी फळीवर ठेवून तो हात मागे घेई. आवाजात टोमणा नसे, म्हणूनच ते जास्त लागे.

आई वारली. महिन्याभरानं दुकानात गेलो, तर तोंडातून पुन्हा "काडेपेटी" हाच शब्द निघाला. आता आईचं निमित्तही उरलं नव्हतं.

त्यानं फळीवर ठेवलेली काडेपेटी मी तिथंच राहू दिली आणि तळहात पुढे केला.

"काऊन गुरुजी, आज सुटा माल?"

"हो. आईचं नाव पुढे करून विटाळ मीच पाळत होतो, भाऊ. माझं चुकलं."