गोधड्यांचा स्टुडिओ

कुठल्याही खोलीत शिरलं की आमच्या ऑफिसातल्या बाई आधी एक टाळी वाजवायच्या. मग मान तिरकी करून ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या, "वाईट खोली!" अख्ख्या ऑकलंडात त्यांच्या पसंतीला उतरलेली खोली मी तरी पाहिली नाही.

बाई आर्किटेक्ट. सोव्हिएत काळात, ऐन तरुणपणी, त्यांनी आपल्या गावचा टेलिव्हिजन स्टुडिओ बांधायला हातभार लावला होता. तो विषय निघायला कुठलंही निमित्त पुरे. "डब्यात डबा!" त्या सांगायच्या. आतला स्टुडिओ वेगळ्या पायावर उभा, बाहेरच्या भिंतींना त्याचा स्पर्शही नाही, म्हणजे ट्रामचा हादरा आत पोचत नाही. स्टुडिओला खिडक्या चालत नाहीत, पण पक्षाच्या साहेबांना दर्शनी बाजूला त्या हव्याच होत्या. मग मोठाल्या काचा लावल्या आणि मागे नुसता रिकामा बोळ ठेवला. "साहेब खूश, आवाजही खूश!" उद्घाटन तोंडावर आलं तरी आवाज शोषायला भिंतीत भरायची लोकर आली नव्हती, तेव्हा गावानं घरच्या रजया आणून दिल्या. त्यांत बाईंच्या आईचीही एक होती.

एका वर्षी ऑकलंडातल्याच टाकानिनीच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या मुलांचं नाटक होतं. पुण्याहून आलेली माझी आई त्यानंतर दोन दिवसांत परतणार होती. "मराठी येतं का गं तुला?" तिनं विचारलं, की माझी लेक म्हणायची, "हीप्स, आजी!" हीप्स म्हणजे इथल्या पोरांच्या बोलीत ढीगभर, आणि पुढचं सगळं इंग्रजीत. नाटकात मात्र तिला चार वाक्यं मराठीत बोलायची होती. आईला ती ऐकू यायला हवी होती, एवढंच माझं मागणं होतं. पण आईला ऐकू यायचं कमी, आणि हॉल घुमायचा विहिरीसारखा.

मी बाईंना हॉल दाखवायला नेलं. टाळी वाजली. "फार वाईट. रजया आणा."

आम्ही अब्रू सांभाळून नव्याकोऱ्या चकचकीत चादरी नेल्या. बाई भडकल्या. "लग्न आहे का इथे? जुनं आणा! जाड, कुरूप!" तेव्हा कुठे घराघरांत पाहुण्यांपासून लपवलेल्या गोधड्या बाहेर आल्या. "भिंतीला गोधड्या? लोक काय म्हणतील!" असं पुटपुटत आईनंही आपल्या लुगड्यांची गोधडी दिली. बाईंनी ती हातांवर तोलली, भिंतीपासून वीतभर पुढे टांगायला लावली आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिल्या.

आता बाई ऑकलंड सोडून आपल्या लेकीकडे टौरंगाला असतात. ऑफिस शांत झालंय, आणि ते मला मुळीच आवडत नाही. मला त्या आठवतात त्या नाटकाच्या संध्याकाळच्या. मराठीचा गंध नसताना शेवटच्या रांगेत, आईशेजारी बसलेल्या. माझी लेक बोलायला लागली तेव्हा सगळे स्टेजकडे बघत होते. बाई आईच्या तोंडाकडे बघत होत्या.

"अगं, सगळं ऐकू आलं गं!" आई भर नाटकात ओरडली.

हॉल हसला. ती काय म्हणाली, हे बाईंनी मला विचारलं नाही. त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि पडदा पडेपर्यंत सोडला नाही.