चष्म्याचा नंबर बदलायला गेलो होतो

"तुम्हाला बीपी आहे का?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं.

सर्जापूर रोडवरच्या एका दवाखान्यात मी चष्म्याचा नंबर तपासायला गेलो होतो. डाव्या डोळ्याला आठवडाभर धुरकट दिसत होतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला त्याचं काय नवल! डॉक्टरांनी थेंब घातले, बराच वेळ डोळ्यात पाहिलं आणि मग हा प्रश्न विचारला.

"नाही," मी म्हणालो. ते खोटं होतं.

त्यांनी तिथेच मोजलं. वरचं दोनशे चौदा, खालचं एकशे सव्वीस. "डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झालाय. दुखणं डोळ्याचं नाही. इथून थेट मोठ्या हॉस्पिटलात जा, आणि गाडी स्वतः चालवू नका."

बायकोला, मधुराला, फोन केला. ती येईपर्यंत बाकावर बसून राहिलो. खरं सांगतो, मला काहीच होत नव्हतं. ना डोकं दुखत होतं, ना चक्कर येत होती.

कॅज्युअल्टीत नर्सने हाताला पट्टा बांधला. "सर, स्वल्प सुम्ने कूत्कोळ्ळी," ती कन्नडमध्ये म्हणाली, म्हणजे जरा शांत बसा. तिने दोनदा मोजलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. मला आयसीयूत ठेवलं. दाब एकदम उतरवला तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो, म्हणून शिरेतून औषध देऊन तो हळूहळू खाली आणत होते.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. डोळ्यातल्या बिघाडाला हायपरटेन्सिव्ह रेटिनोपथी म्हणतात, म्हणजे वाढलेल्या दाबाने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होणं. दुसरा शब्द क्रिएटिनिन. मूत्रपिंडं ज्या गोष्टी गाळून बाहेर टाकतात, त्यातली ही एक. ती रक्तात साठली की गाळणी बिघडली असं समजायचं. माझं क्रिएटिनिन बरंच वाढलं होतं. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं आकसलेली दिसली.

"हे आठवड्याभरातलं नाही, काही वर्षांचं आहे," डॉक्टर म्हणाले. "आधी कुणी काहीच सांगितलं नव्हतं?"

मधुरा शेजारीच उभी होती. आता लपवून उपयोग नव्हता.

तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या तपासणीत बीपी निघालं होतं. गोळी लिहून दिली होती. ती मी महिनाभर घेतली, मग बरं वाटतंय म्हणून बंद केली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रोजची गोळी म्हणजे म्हातारपण, असं डोक्यात होतं. वडिलांना बीपी होतं, हेही माहीत होतं. घरी काही बोललो नाही. मधुरा तेल मोजून घालायची, आणि मी ऑफिसात दुपारी इन्स्टंट नूडल्स, चारच्या चहाबरोबर चिप्स, घरी पुन्हा ताटात लोणचं आणि पापड. मीठ पोटात कुठून कुठून जातं, याचा कधी विचारच केला नाही. चालणं म्हणजे लिफ्टपासून गाडीपर्यंत.

मधुरा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "आणखी काय लपवलंयस?"

"काही नाही."

"कसं समजू?" म्हणाली, आणि बाहेर जाऊन बसली.

सहाव्या दिवशी घरी सोडलं. आता रोज चार गोळ्या आहेत. लोणचं, पापड, पाकिटातलं सगळं बंद. सकाळी पाऊण तास चालतो. दाब आटोक्यात आहे, पण गेलेलं परत येत नाही. डाव्या डोळ्यात एक राखाडी डाग कायमचा राहिलाय. वाचताना अक्षरं त्यात बुडतात. मूत्रपिंडं आहेत तेवढी टिकवायची, एवढंच हातात आहे. पुढे डायलिसिस लागेल का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. मीही विचारायचं टाळतो.

तुमच्यापैकी कुणी "मला काही होत नाही" म्हणत गोळी बंद केली असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

गेल्या रविवारी नागपूरहून धाकट्या भावाचा, समीरचा, फोन आला. माझ्या आग्रहाने त्याने बीपी तपासलं होतं. वाढलेलं निघालं. "पण दादा, मला तर काहीच त्रास नाही रे. गोळी लगेच कशाला?"

मी बोलायला लागलो तेवढ्यात मधुराने फोन मागून घेतला.

"भाऊजी, गोळी सुरू केली की मला सांगा," ती म्हणाली. "आणि बंद करावीशी वाटली, तर आधी सांगा. मी रागावणार नाही. फक्त लपवू नका."

हे ती समीरला सांगत होती, पण बघत माझ्याकडे होती.