सिंहाला लॅमिनेशन

नव्वदच्या दशकात मीरा रोडला आम्ही मुलं वन्यजीव वाचवत होतो, च्युइंगम खाऊन. गमच्या पाकिटात एक पत्ता निघायचा. त्यावर प्राण्याचं चित्र आणि खाली वजन, वेग आणि जगात ‘शिल्लक किती’. पत्ते जमवायचे आणि एकमेकांचे खेळून जिंकायचे. वजनात आणि वेगात जास्तवाला जिंकायचा, शिल्लकमध्ये मात्र ज्याचे कमी उरलेत तो राजा. त्यामुळे एखादा प्राणी संपत आलाय हे वाचून आमच्या बिल्डिंगमधली पोरं टाळ्या पिटायची. कंपनीला यातून नेमकी कसली जागृती करायची होती, देव जाणे.

बिबट्याला कोणी विचारत नसे. जवळच्याच चेणे गावात तो अधूनमधून कोणाचं तरी कुत्रं उचलून न्यायचा, पण पत्त्यावर शिल्लक भरपूर, मग काय उपयोग त्याचा! सगळ्यांत भारी पत्ता गीरचा सिंह. तो आख्ख्या बिल्डिंगमध्ये कोणाकडेच नव्हता.

खेळ चालायचा गच्चीत, पाण्याच्या टाकीशेजारी. मुलींना प्रवेश नाही. तिथला पुढारी आमच्या वरच्या मजल्यावरचा गुजराती मुलगा. सिंह स्वतःच्या काकांनी पाळल्यासारखा सांगायचा, “शेर तो हमारा है, गीर का.” मी रोज जाऊन विचारायचे, मला घ्या ना रे. शेवटी वैतागून म्हणाला, “जा, शेर लेके आ. फिर खेलने देगा.” सगळे फिदीफिदी हसले. मला असला राग आला की पुढचे कित्येक दिवस मी जबडा दुखेपर्यंत गम चघळला. आईने मला म्हैस म्हणायला सुरुवात केली.

आणि एका दुपारी निघाला की हो सिंह! मी घरभर नाचले. पत्ता टीव्हीवर ठेवला आणि आईकडे वेणी घालायला बसले. तेवढ्यात बाबा ऑफिसातून आले, पत्ता बघितला, “अरे वा!” म्हणाले आणि तो घेऊन चपलाही न काढता परत बाहेर पडले.

बाबांचा लॅमिनेशनवर देवापेक्षा जास्त भरवसा. रेशनकार्ड, माझं चित्रकलेचं सर्टिफिकेट, फार कशाला, देवघरातला गणपतीचा फोटोसुद्धा प्लास्टिकमध्ये गुदमरत बसला होता. त्यात आता सिंहाची भर.

“दुर्मीळ आहे गं बाळा,” बाबा परत येऊन पत्ता माझ्यापुढे धरत म्हणाले. “आता त्याला शंभर वर्षं काही होत नाही.”

“अहो, पण पोरीला खेळायचंय त्याच्याशी,” आई म्हणाली.

“खेळून खेळूनच संपतात या गोष्टी.”

गच्चीत त्या पुढाऱ्याने पत्ता उलटसुलट करून पाहिला. “ये क्या है, आयकार्ड? प्लास्टिकवाला नहीं चलेगा.” असा नियम आदल्या दिवसापर्यंत कोणी ऐकला नव्हता, पण बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या.

घरी येऊन मी आईची शिवणाची कात्री घेतली. कडा कापल्या आणि नखाने प्लास्टिक सोलायला लागले. सिंह आयाळीसकट, आकड्यांसकट प्लास्टिकबरोबर निघून गेला. मागची बाजूही तशीच गेली. हातात राहिला नुसता पांढरा, पिंजलेला पुठ्ठा. मी ओक्साबोक्शी रडले. मग मात्र माझं डोकंच फिरलं. तोंड धुतलं आणि तो पुठ्ठा घेऊन तडक गच्चीत गेले.

“घे. प्लास्टिक नाहीये आता.”

“इसमें शेर किधर है?”

“हाच शेर. चल, शिल्लक!”

त्याने हसत हसत वाघ टाकला, मोठ्याने आकडा वाचला. “तेरा कितना?”

“शून्य.”

कोणी हसलं नाही. नियम त्यांचाच होता, आणि शून्यापेक्षा कमी कोणाकडे असणार? तो जाम चिडला, पण वाघ द्यावाच लागला. जिंकणाऱ्याने पुढचं बोलायचं, आणि मी दर वेळी शिल्लकच बोलले. अंधार पडेपर्यंत गेंडा, हत्ती, कोणी न विचारलेला तो बिबट्यासुद्धा माझ्याकडे आला. सिंह तेवढा आता पुन्हा कोणाकडेच नव्हता.