‘बेलकरी’ हा शब्द कुणी काढला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हालाच का सांगतेय — माहीत नाही.

आमच्या पारनेर भागात एक शब्द ऐकू येतो — बेलकरी. म्हणजे रेंगाळणारं, संपता संपत नाही असं. एसटी रखडली की लोक म्हणतात, “आज बेलकरी गाडी हाय.” त्यांना वाटतं, शब्द जुनाच असणार.

मी शिक्षिका होते त्याच शाळेत बेलकर सर मराठी शिकवायचे. कथा लिहायचे, दोन पुस्तकं निघाली होती. कथेत फारसं काही घडायचं नाही, माणसं कुणाची तरी वाट बघत बसायची. नवी कथा ते आधी सातवीच्या वर्गाला वाचून दाखवायचे, मग शनिवारी शाळा सुटल्यावर मला. त्या शनिवारची मी सोमवारपासून वाट बघायचे. लग्न झालेली बाई मी — कुणाच्या लक्षात आलं असतं तर?

त्या भीतीनंच असेल... एकदा मधल्या सुट्टीत डब्यातली डाळ कच्ची निघाली. सगळ्या शिक्षकांसमोर मीच म्हणाले, “अगदी बेलकरी झालीय, शिजता शिजत नाही!” केवढे हसले सगळे. मीही. महिन्याभरात शब्द पोरांच्या तोंडी, मग बाजारात.

सरांच्या कानावर गेलाच. त्या शनिवारी कागद न उघडताच त्यांनी विचारलं, “बाई, हा शब्द कुणी काढला हो?”

‘मी’ — एवढंच तर म्हणायचं होतं ना?

“पोरांनी,” मी म्हणाले. “सातवीतल्या.”

“माझ्या पोरांनी?”

त्यानंतर त्यांनी वर्गात कथा वाचली नाही. मलाही नाही. वर्षभरात अकोल्याकडे बदली मागून घेतली. तिसरं पुस्तक आलंच नाही. ते वारल्याचं मला पेपरातून कळलं. अजूनही शनिवारी दुपारी मी उगाच दाराकडे बघते — कशासाठी?

गेल्या महिन्यात सरांच्या त्या सातवीच्या वर्गातली सुनंदा घरी आली. कॉलेजात शिकवते, बोलीतले शब्द गोळा करते. “बाई, बेलकरी सरांच्या आडनावावरून आला, ते ठाऊक आहे. पण काढला कुणी?” मग हळूच म्हणाली, “सर आमच्याशी एकदम तुटक का वागायला लागले हो? आमी काय केलं हुतं, अजून कळत न्हाई.”

मी चहा टाकायला आत गेले. बराच वेळ आत राहिले. बाहेर येऊन म्हणाले, “आठवत नाही गं.”

जाताना ती माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.