खांद्याच्या मापाचं घर

मास्तर म्हणजे गल्लीतले शिंपी. शिलाई बायकोकडे, पण कापड बेतणं आणि कापणं त्यांनी चाळीस वर्षांत कुणाला करू दिलं नव्हतं. स्टुलावरून पडून त्यांचा उजवा खांदा मोडला आणि हात सहा आठवडे झोळीत राहिला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. टेबलाच्या पलीकडच्या काठापर्यंत कातरी पोचली नाही, तर उरलेलं आयुष्य काजं-बटणं करण्यात जाणार होतं. या विचारानं मास्तरांची झोप उडाली होती.

व्यायाम शिकवायला दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट बाई होत्या. वयानं मास्तरांच्या लेकीएवढ्या, उंचीनं दाराच्या चौकटीला लागतील अशा. भिंतीवरून बोटं वर चढवायची, काठी दोन्ही हातांनी उचलायची, दोरी ओढायची.

"घरी करता ना?" बाई विचारत.

"रोज तीन वेळा. घड्याळ लावून," मास्तर सांगत. आणि ते खरंच होतं. तरी दोन महिने हात जागचा हलेना.

एके दिवशी बाईंची नजर मास्तरांच्या शर्टावर गेली. बटणं छातीवर नव्हती, खांद्यापासून बाहीभर होती.

"हा कुणी शिवला?"

"जुनाच. मी नव्यानं बेतला, हिनं शिवला," मास्तर खुशीत म्हणाले. "हात न उचलता घालता येतो. असे सहा आहेत."

बाई संध्याकाळी थेट घरी हजर. बघतात तो काय, घरातली प्रत्येक खुंटी कमरेएवढ्या उंचीवर, चहाचा डबा खालच्या फळीवर आणि कंगव्याला हातभर दांडा. मास्तरांनी अख्खं घर खांद्याच्या मापानं बेतलं होतं, तेही सुबक.

"मास्तर, हात व्यायामापुरता वर्गात येतो आणि दिवसभर सुट्टीवर असतो," बाई म्हणाल्या. "सगळं होतं तिथं ठेवा. आणि ते शर्ट उसवा."

स्वतःची कारागिरी उसवायची म्हणजे मास्तरांच्या जिवावर आलं. फार चिडले, दोन दिवस बाईंना लांबोडी म्हणाले. पण उसवले. मग शर्ट घालताना कण्हायचे, वरच्या फळीवर परतलेल्या चहाच्या डब्याला शिव्या द्यायचे. तिसऱ्या आठवड्यात डबा हातात आला. त्यानंतरचा महिना व्यायाम आणि घरकाम दोन्ही चालू राहिलं, आणि हात रोज थोडा थोडा वर सरकत गेला.

एक दिवस बाई कापड घेऊन दुकानात आल्या. "माझा कोट बेता."

मास्तरांचा चेहरा पडला. "वाया गेलं तर?"

"दुसरं आणेन."

त्यांनी माप घेतलं, खडूनं रेघा ओढल्या, कातरी उचलली. निम्म्यावर खांदा ओढला, ते थांबले, श्वास घेतला आणि पुढे निघाले. कातरी न अडखळता पलीकडच्या काठाला लागली.

मागं बायकोचं शिलाई मशीन बंद झालं. हात बरा होईल का, असं तिनं इतक्या महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. आता ती मशीनवर डोकं टेकून ढसाढसा रडत होती.

"अगं, जमलं की," मास्तर म्हणाले.

"म्हणूनच," ती म्हणाली.