चित्रातली चूल

मांडवीच्या आमच्या घराचा भावाने होमस्टे केला, तेव्हा ओटीवरचं आईचं लाडकं चित्र त्याने पाहुण्यांच्या खोलीत नेलं, तेही नवी चौकट करून. यंदा मे महिन्यात माहेरी गेले आणि ते बघून माझं डोकंच फिरलं.

चित्र एका जुन्या मासिकाच्या मुखपृष्ठाचं. नऊवारीतली बाई खांबाला टेकून पुस्तक वाचतेय. खाली कोपऱ्यात चूल, चुलीवर दूध उतू जातंय आणि बाईला त्याचा पत्ता नाही. वडील बोटीवर असायचे, त्यामुळे घर, अंथरुणाला खिळलेली सासू आणि आम्ही दोघं, सगळं आईच्या गळ्यात. तरी दुपारी भांडी आवरली की ती वाचनालयातलं पुस्तक घेऊन ओटीवर बसायची. आम्ही चहा मागितला तर मान वर न करता चित्रातल्या चुलीकडे बोट दाखवायची. मग आम्ही मुकाट्याने जायचो.

नव्या चौकटीत चूलच नव्हती. कोपरा कळकट दिसतो म्हणून भावाने तो कापायला लावला होता. वर पाहुण्यांना सांगत होता, "हिचा नवरा बोटीवर. त्याच्या आठवणीत पुस्तक नुसतं हातात धरून बसल्येय." पाहुणे माना डोलवत फोटो काढत होते.

नुसतं धरून म्हणे. या माणसाने आयुष्यात एक पुस्तक धड संपवलेलं नाही. त्याला बाजूला घेऊन मी झाडलं, तर म्हणाला, चित्रच तर आहे, पाहुण्यांना गोष्ट आवडते.

तशीच स्वयंपाकघरात गेले. ऐन दुपारी आई पाहुण्यांसाठी घावणे घालत होती. तिचं पुस्तक डब्यांच्या फळीवर, पिठाने माखलेलं, खूण अजून सुरुवातीच्याच पानांत. मला तिचाही राग आला. तू त्याला काही बोलत का नाहीस, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं. तिने शेवटचा घावणा उतरवला आणि चहासाठी दूध गॅसवर ठेवलं.

बाहेरून भावाने चहाची आठवण केली. आईने हात पुसले, फळीवरचं पुस्तक काढलं आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली. दूध वर येऊ लागलं तशी मी गॅसकडे धावले.

"राहू दे गो," पानावरची नजर न काढता ती म्हणाली. "कोपरा त्याने कापलान, आता दूध पुसू दे त्यालाच."

मी हात मागे घेतला.