पंधराव्या वर्षाचा आलेख

बनशंकरीतील एका लहान रुग्णालयात विठोजी मोहिते मेंदूचे आलेख काढीत असत. रुग्णाच्या टाळूला तारा चिकटवायच्या, यंत्र सुरू करायचे, कागदावर उमटलेल्या रेषांच्या घड्या घालून डॉक्टरांपुढे ठेवायच्या, एवढाच त्यांचा अधिकार. "काय दिसलं हो?" असे नातेवाइकांनी काकुळतीने विचारले, तर "डॉक्टर सांगतील" याहून अधिक अक्षर त्यांच्या मुखातून निघत नसे. हे मौन त्यांनी व्रतासारखे पाळले होते, आणि पुढे पुढे ते घरातही त्यांच्या मागोमाग आले.

१९९४ साली त्यांची कन्या रंजिता पंधरा वर्षांची होती. म्हैसूरच्या पोहण्याच्या स्पर्धेसाठी तिची निवड झालेली. परंतु जी मुलगी पूर्वी उजाडण्याआधी तलावाकडे धावे, तिचा आता रात्री डोळा लागेना आणि सकाळी उघडेना. बोलणे तिखट झाले. मधूनच दृष्टी शून्यात लागे.

"उठतेस, की ओतू पाणी?" तिची आई अंबुबाई दारातून ओरडे.

"ओत. तेवढंच घरबसल्या पोहणं होईल."

विठोजींना या विनोदाचे हसू आले नाही. शून्यात लागलेली अशी दृष्टी त्यांनी पूर्वी पाहिली होती. त्यांचा धाकटा भाऊ परसू असाच बोलता बोलता थांबे. आणि याच वयात, देवळाच्या कल्याणीत, म्हणजे पायऱ्यांच्या तळ्यात, पोहताना फेफरे येऊन, पायऱ्यांपासून हातभर अंतरावर तो बुडाला होता.

एका रविवारी, डॉक्टर नसताना, ते रंजिताला रुग्णालयात घेऊन गेले. अंबुबाईंनी आदल्या संध्याकाळी तिच्या डोक्यावर खोबरेल चांगले थापले होते. तेलकट टाळूवर तारा धरत नाहीत. म्हणून विठोजींनी नळाखाली स्वहस्ते तिचे केस शिकेकाईने धुतले.

"अप्पा, आज माझं लग्नबिग्न आहे का?"

"स्वल्प गप्प बस. डोळे मीट."

यंत्र चालू झाले. त्या रुग्णालयात बहुधा पक्षाघाताचे वृद्ध येत. विठोजींची नजर त्यांच्याच आलेखांना सरावलेली. रंजिताच्या डोक्याच्या मागच्या भागातून येणाऱ्या सारख्या लहरींमध्ये मधूनच एक रुंद, मंद लहर उठलेली त्यांना दिसली. वृद्धांच्या कागदावर अशी मंदता दिसली की डॉक्टरांचा चेहरा गंभीर होई, हे त्यांना ठाऊक होते. आलेख वाचणे हा त्यांचा अधिकार नव्हता. त्या दिवशी त्यांनी तो वाचला.

"उद्यापासून तलाव बंद," घरी परतताना ते म्हणाले.

"का?"

"सांगतो तेवढं ऐक."

ही आपल्या जिभेची शिक्षा, असे रंजिताने मानले. अंबुबाईंनाही तसेच वाटले. "अहो, सकाळी उठत नाही म्हणून एवढं?" असे त्यांनी विचारून पाहिले. आलेख विनापरवाना काढलेला, त्यामुळे विठोजींना डॉक्टरांना विचारण्याचीही लाज. चमू तिच्यावाचून म्हैसूरला गेला. "आळशी निघाली, ऐन वेळी सोडून गेली," असे शिक्षक योगीराज सर तलावावर सर्वांना सांगत असल्याचे तिच्या कानी आले. तेव्हापासून बाप घरात येताच ती पानावरून उठू लागली.

ते मात्र विठोजींना सोसवेना. त्यांनी आलेख रुग्णालयाच्या डॉ. चंदना यांच्यापुढे ठेवला आणि सारे कबूल केले.

डॉक्टरांनी कागद उलगडून पाहिला. "डोळे उघडायला सांगितल्यावर या लहरी मावळल्या, हे पाहिलंत?"

"पाहिलं. अर्थ कळला नाही."

"आणि वय?"

"पंधरा."

"मग या लहरी तिच्या वयाच्या आहेत, विठोजी. आजाराच्या नव्हेत. म्हाताऱ्याच्या मापाने पोरीचं डोकं मोजलंत तुम्ही!" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "या वयात मेंदू आतून नवा होत असतो. न लागणारे धागे गळतात, लागणारे पक्के होतात. मागचा भाग आधी पिकतो. कपाळामागचा, सारासार विचाराचा, सर्वांत शेवटी. झोपेची वेळसुद्धा पुढे सरकते. शून्यात बघते म्हणता, तर मी एकदा तपासते. पण या कागदात भिण्यासारखं काही नाही. आणि पुन्हा चोरून यंत्राला हात लावू नका."

जुन्या शास्त्रकारांनी वयाला कौमार, पौगंड, कैशोर अशी नावे दिली. त्यातल्या एका पायरीवरून दुसरीवर जाताना कवटीच्या आत एवढी उलथापालथ चालते, हे विठोजींनी आयुष्यभर कागदावर उतरवूनही जाणले नव्हते.

डॉक्टरांनी तपासून निर्वाळा दिला. त्या संध्याकाळी विठोजींनी रंजिताला सारे सांगितले, परसूचेही. तिने ऐकून घेतले.

"मला आधीच सांगितलं असतंत तर मीच डॉक्टरांना विचारलं असतं," ती म्हणाली. "आता स्पर्धा संपली. सरांना काय सांगू?"

"मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठावर मुले आणि त्यांचे पालक उभे होते. विठोजी योगीराज सरांजवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सर, पोरीचा दोष नाही. मी अडवली होती. माझी समजूत चुकीची होती."

रंजिता मागेच उभी होती.

"स्वल्प जोरात, अप्पा," ती म्हणाली. "त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं."

विठोजींनी काठावरच्या माणसांकडे तोंड वळवले, घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितले.